क्लासचा कोकीळ

फ्रान्स्वा लव्हायाँ हे मोठे पक्षीशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचा जन्म १७५३ साली दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम देशात, पारामारिबो या गावी झाला. वडील फ्रेंच व्यापारी होते. तिथे तेव्हा डच लोकांचे राज्य होते. आजूबाजूला दाट जंगल. आईवडिलांबरोबर ते रानात हिंडत. तेव्हापासूनच त्यांना पाखरांचा नाद लागला. १७६३ साली ते युरोपात गेले. तेव्हा ते दहा वर्षांचे होते, म्हणजे आपल्याएवढेच!

तिकडे ते मेलेल्या पाखरांत पेंढा भरून ती टिकवून ठेवायला शिकले. त्या काळी कॅमेरा नव्हता. म्हणून पाखरे बंदुकीने मारूनच अभ्यास करीत. हे वाचून मला वाईट वाटलं. आता दुर्बिणीतून बघतात आणि फोटो काढतात, ते बरं झालं.

१७८१ साली ते जहाजाने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला गेले. तेव्हा इंग्रज आणि डच यांची लढाई चालू होती. लव्हायाँ किनाऱ्यावर शिकारीला गेले असताना त्यांचे सामान असलेले डच जहाज जळून फुटले. सगळे सामान गेले. जवळ फक्त अंगावरचे कपडे, बंदूक आणि थोडेसे पैसे उरले. दुसरा कोणी असता तर घरी परत गेला असता. पण ते गेले नाहीत. लोकांनी मदत केली आणि त्यांनी पुन्हा तयारी केली.

१७८४ पर्यंत त्यांनी आफ्रिकेत दोन मोठे प्रवास केले. आपल्या बैलगाडीला दोनच बैल असतात. त्यांच्या मोठ्या गाड्यांना बैलांच्या कितीतरी जोड्या लागत. बरोबर एक पाळलेलं माकड होतं. रानात अनोळखी फळ किंवा मूळ मिळालं की आधी त्या माकडाला देत. त्यानं खाल्लं तरच माणसं खात.

त्यांच्याबरोबर क्लास नावाचा माणूस होता. क्लास म्हणजे वर्ग नव्हे, ते त्याचं नाव! तो खोयखोय लोकांपैकी होता. हे लोक गुरं-मेंढ्या पाळत. १६५२ साली डच लोक केपला आले आणि हळूहळू त्यांनी खोयखोयांच्या जमिनी घेतल्या. मग पुष्कळ खोयखोयांना त्यांच्याच मुलखात गोऱ्यांच्या शेतावर चाकरी करावी लागली. क्लाससुद्धा लव्हायाँचा चाकर होता. पण लव्हायाँ त्याला मित्र मानीत.

आफ्रिकेत त्यांना एक छोटा कोकीळ मिळाला. त्याची लांबी सुमारे १८ सेंटिमीटर असते, म्हणजे कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षा थोडी जास्त. नर वरून चमकदार हिरवा, पोटाला पांढरा, आणि डोळ्यामागे पांढरा ठिपका. तो आफ्रिकेच्या जंगलात आणि झाडे असलेल्या माळरानात राहतो. केसाळ सुरवंट, फुलपाखरं, किडे हे त्याचं खाणं. तो घरटं बांधत नाही. आपली कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते ना, तशी याची मादी शिंजीर आणि वटवट्या अशा छोट्या पाखरांच्या घरट्यात अंडी घालते.

त्या काळी पाखरांना राजांची नाहीतर साहेबांची नावं देत. लव्हायाँ यांनी या पाखराला क्लासचं नाव दिलं. चाकराचं नाव देणारे तेव्हा फारच थोडे होते. नरीना नावाच्या एका खोयखोय मुलीचं नावही त्यांनी एका सुंदर पाखराला दिलं.

फ्रान्सला परत गेल्यावर त्यांनी आफ्रिकेतल्या पक्ष्यांवर सहा मोठे ग्रंथ काढले. त्यात रंगीत चित्रं आहेत. त्यात चुकाही होत्या. काही पाखरं आफ्रिकेतली नव्हतीच, असं पुढच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. पण क्लासचा कोकीळ खरा निघाला. १८१५ साली जेम्स स्टीफन्स या इंग्रज शास्त्रज्ञांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं, त्यातही क्लासचं नाव ठेवलं.

१८२४ साली लव्हायाँ गरिबीत वारले. त्यांना जाऊन दोनशे वर्षं झाली. तरी आजही जगातले पक्षीशास्त्रज्ञ त्या पाखराला क्लासच्याच नावानं ओळखतात.

आपल्या गावातल्या गुराख्यांना पाखरांची नावं आणि घरटी माहीत असतात. आपण त्यांना विचारून वहीत लिहून ठेवावं. आणि ज्यानं सांगितलं त्याचं नावही लिहावं.

– इयत्ता ४ थी