यू थांट : महासत्तांच्या कोंडीत उभा राहिलेला बौद्ध

आपल्या व्याख्यानमालांत अनागारिक धम्मपाल येतात, दलाई लामा येतात. यू थांट हे नाव मात्र क्वचितच येते. संयुक्त राष्ट्रांचे पहिले आशियाई सरचिटणीस बौद्ध होते, हे आपल्यातल्या अनेक कार्यकर्त्यांना माहीत नसते. ('यू' हे नाव नाही, बर्मी भाषेतला 'श्री' आहे.)

२२ जानेवारी १९०९ रोजी इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातल्या पंतनाव गावी त्यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी वडील गेले, मागे धाकटे तीन भाऊ. म्हणून लवकर नोकरी धरली. गावच्या शाळेत मास्तर, मग हेडमास्तर. मित्र ऊ नू पंतप्रधान झाले आणि मास्तर रंगूनला आले. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले, तेव्हा थांट ऊ नूंचे सचिव होते.

१९६१ मध्ये सरचिटणीस हॅमरशोल्ड विमान अपघातात गेले. रशियाला एकाऐवजी तीन सरचिटणीस हवे होते, अमेरिकेला ते अमान्य. या भांडणात दोघांनाही चालेल असा माणूस म्हणून थांट निवडले गेले.

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांवरून अणुयुद्धाची वेळ आली. थांट यांनी केनेडी आणि ख्रुश्चेव्ह दोघांनाही एकाच वेळी पत्र पाठवून शस्त्रांची ने-आण आणि नाकेबंदी काही आठवडे थांबवायला सांगितले. माघार घ्यायला दोघांनाही एक सन्मानाची वाट मिळाली. पण समझोता झाला तेव्हा क्युबाला कोणी विचारलेच नव्हते. ज्यांच्या जमिनीवर भांडण झाले त्यांना भेटायला थांट हवानाला गेले. कास्त्रो तपासणीला तयार झाले नाहीत. मला ही भेट त्या पत्रांहून मोठी वाटते. त्याच वर्षी थांट यांचा तरुण मुलगा रंगूनमध्ये बसमधून पडून वारला होता.

व्हिएतनामबाबत त्यांनी गुप्त बोलणी जुळवत आणली. अमेरिकेने ती नाकारली आणि १९६५ मध्ये बॉम्बवर्षाव सुरू केला. १९६७ मध्ये नासेर यांच्या मागणीवरून त्यांनी सिनाईतली शांतिसेना मागे घेतली, काही दिवसांत युद्ध पेटले आणि खापर त्यांच्यावर फुटले. सीमेच्या आपल्या बाजूला ती सेना ठेवायला इस्रायलनेही नकार दिला होता, हे टीकाकार सोयीने विसरतात.

आपल्याला जवळची गोष्ट १९७१ ची. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांत नामशूद्र मोठ्या संख्येने होते. १९४६ मध्ये बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर पाठवताना पाठीशी राहिलेला हाच समाज. थांट यांनी मदतीचे आवाहन केले आणि जुलैमध्ये सुरक्षा परिषदेला लेखी इशारा दिला की हा संघर्ष सगळ्या उपखंडात पसरेल. अमेरिका आणि चीन पाकिस्तानच्या बाजूला, रशिया भारताच्या. परिषद बसली ती डिसेंबरात, युद्ध सुरू झाल्यावर, आणि तिथेही रशियाच्या नकाराधिकाराने ठराव अडले. दरम्यान छावण्यांत कॉलऱ्याने माणसे मेली. त्याच महिन्याअखेर थांट निवृत्त झाले.

२५ नोव्हेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्कमध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ऊ नूंना हटवून सत्तेवर आलेल्या ने विन यांनी रंगूनमध्ये कोणताही शासकीय सन्मान दिला नाही. ५ डिसेंबरला विद्यार्थ्यांनी शवपेटी ताब्यात घेऊन विद्यापीठात नेली. १९६२ मध्ये लष्कराने विद्यार्थी संघाची इमारत सुरुंगाने उडवली होती. त्याच जागेवर त्यांनी स्वतःच्या हातांनी समाधी बांधली. ११ डिसेंबरच्या पहाटे सैन्य घुसले आणि शवपेटी घेऊन गेले. श्वेडगॉन पॅगोडाजवळ दफन झाले, शहरात दंगे उसळले आणि लष्करी कायदा लागू झाला.