बेंजामिन फ्रँकलिन व आकाशांतील वीज

वळवाच्या पावसांत शेतांतील उंच झाडावर वीज पडते आणि त्याखालीं आसऱ्यास उभीं राहिलेलीं माणसें व गुरें मरतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. ह्या विजेचें मर्म ज्यानें शोधून काढिलें व तिजपासून घरें राखण्याचा उपाय जगास सांगितला, त्या बेंजामिन फ्रँकलिनचें चरित्र येथें थोडक्यांत देतों.

त्याचा जन्म सन १७०६ च्या जानेवारी महिन्याच्या १७ व्या तारखेस अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं झाला. त्या प्रांतावर तेव्हां इंग्रजांचें राज्य होतें. बाप चरबीच्या मेणबत्त्या व साबण करून विकीत असे, आणि घरांत मुलें फार. म्हणून बेंजामिनची शाळा दहाव्या वर्षींच सुटली. बाराव्या वर्षीं तो वडील भावाच्या छापखान्यांत उमेदवार राहिला. सतराव्या वर्षीं घर सोडून तो फिलाडेल्फिया शहरीं गेला, व श्रम, काटकसर आणि वाचन ह्यांच्या बळावर तेथील नामांकित मुद्रक झाला. सन १७३१ त त्यानें मित्रांसह वर्गणी जमवून एक पुस्तकालय काढिलें.

सन १७४६ च्या सुमारास लंडनचा कापडाचा व्यापारी पीटर कॉलिन्सन ह्यानें ह्या पुस्तकालयास काचेची एक नळी पाठविली. ती घासली म्हणजे तींत विद्युत् उत्पन्न होई, आणि जवळ बोट नेलें असतां ठिणगी उडे. त्या काळीं विद्युत् ही मोठ्या लोकांच्या दिवाणखान्यांतील करमणूक होती. रेशमी दोरांनीं मुलास टांगून त्याच्या चेहऱ्यापासून ठिणग्या काढीत. लेडन शहरीं शोधलेल्या बाटलींत विद्युत् सांठवून हातांत हात धरलेल्या मंडळीस एकदम धक्का देत. फिलाडेल्फियांतही राजाचें एक चित्र असें तयार केलें होतें कीं, एका हातानें चौकट धरून दुसऱ्यानें मुगुटास स्पर्श करणारास धक्का बसे, व जमलेले सद्‌गृहस्थ हंसत.

फ्रँकलिनला मात्र ह्याची खंत वाटे कीं, एवढ्या प्रयोगांतून मनुष्याच्या उपयोगाचें कांहींच निघत नाहीं. सन १७५० त, नाताळाच्या दोन दिवस आधीं, मित्रांसमोर दोन मोठ्या बाटल्यांतील विद्युतानें एक टर्की पक्षी मारावयास तो गेला. तों सर्व धक्का त्याच्याच देहांतून जाऊन त्याचें भान हरपलें. शुद्धीवर आल्यावर त्यास आपल्या निष्काळजीपणाची लाज वाटली.

बाटलीची ठिणगी व मेघांतील वीज ह्या एकच होत, असें त्यानें ताडिलें. दोहोंस प्रकाश व आवाज आहे, दोहोंचा मार्ग वांकडा आहे, दोन्ही धातूंतून सहज जातात व प्राण घेतात. हें पारखण्यास उंच जागीं टोकदार लोखंडी सळई उभारावी, असें त्यानें लिहिलें. तें लंडन येथें सन १७५१ त छापलें गेलें. सन १७५२ च्या मे महिन्याच्या १० व्या तारखेस फ्रान्स देशांतील मार्ली गांवीं एका जुन्या शिपायानें व तेथील पाळकानें अशा सळईपासून ठिणग्या काढिल्या. त्याच वर्षीं फ्रँकलिननें मेघांत रेशमी पतंग उडवून दोरीस बांधलेल्या किल्लीपासून ठिणगी काढिली. पतंगावर प्रत्यक्ष वीज पडती, तर तो वांचता ना. सन १७५३ त रशियांत रिखमन नांवाचा विद्वान अशाच प्रयोगांत मरण पावला.

हा शोध फ्रँकलिननें विद्वानांपाशीं ठेविला नाहीं. शेतकरी व कारागीर जें घेत, त्या आपल्या सन १७५३ च्या पंचांगांत त्यानें कृति छापिली: सळईचें एक टोक ओल्या जमिनींत ३-४ फूट पुरावें, दुसरें घराच्या सर्वांत उंच भागाच्या वर ६-८ फूट राहावें. ह्याबद्दल त्यानें हक्क राखला नाहीं, कीं मोल घेतलें नाहीं. टोक मेघांतील विद्युत् हळूहळू ओढून घेईल, अशी त्याची आशा होती. सळई मुख्यतः पडणाऱ्या विजेस भिंतींबाहेरून जमिनींत वाट देते, हें पुढें कळून आलें.

कित्येक धर्मोपदेशकांस ही सळई म्हणजे देवाच्या हाताशीं झगडा वाटला. परंतु फ्रँकलिनचा सोबती एबेनेझर किनर्स्ली हा स्वतः बॅप्टिस्ट उपदेशक होता. गांवोगांवीं प्रयोग दाखवीत असतां तो लोकांस समजावी कीं, विजेपासून घर राखणें हें धर्माविरुद्ध नाहीं. पावसापासून वांचावयास आपण छप्पर घालतों, त्यांत अविश्वास कोणता?

पुढें फ्रँकलिन अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या कार्यांत पुढारी झाला, आणि सन १७९० च्या एप्रिल महिन्याच्या १७ व्या तारखेस, ८४ वर्षांचा होऊन, मरण पावला. नळी पुष्कळांच्या हातीं होती व खेळही पुष्कळांनीं पाहिला होता. पण शेजाऱ्याच्या छपराची काळजी थोड्यांनींच वाहिली. म्हणून वाचकहो, आपल्या शाळेवर किंवा मंदिरावर सळई असेल, तर तिचें खालचें टोक जमिनींत नीट पुरलेलें आहे कीं तुटलें आहे, हें पावसाळ्यापूर्वीं पाहावें; आणि मेघ गर्जत असतां एकट्या झाडाखालीं उभें राहूं नये व मुलांस राहूं देऊं नये.