मायको सर्कलच्या नावामागचा माणूस

त्र्यंबक रोडवरून सातपूरकडे जाताना मायको सर्कल लागतं. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी. २००८ मध्ये तिचं अधिकृत नाव बॉश लिमिटेड झालं, पण नाशिककर रिक्षावाल्याला आजही ‘मायको’च सांगतात. नाशिकच्या कारखान्यात डिझेल इंजिनात इंधनाचा फवारा सोडणारी नोझल वर्षानुवर्षं तयार होत आली. अनेक घरांतली एक पिढी इथून निवृत्त झाली. ज्याच्या नावाची ही कंपनी, तो रॉबर्ट बॉश मात्र आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही.

त्याची आठवण होण्याचं कारण वेगळं आहे. सध्या गाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येक घरात एक वाद रंगतो. नव्या गाडीच्या वरच्या मॉडेलमध्ये ‘अडास’ येतं, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा. समोरचं वाहन अचानक थांबलं तर ती आपोआप ब्रेक लावते, पुढच्या गाडीपासून अंतर राखते, पट्टा सुटला तर स्टीअरिंग हलकेच वळवते. त्यासाठी वरचे पैसे मोजायचे का? आधीची गाडी धडधाकट असताना ती विकायची का? मुलगा हो म्हणतो, वडील म्हणतात आम्ही चाळीस वर्षं कसारा घाट असाच उतरलो. हा वाद जुना आहे, आणि बॉशचं जवळजवळ सगळं आयुष्य त्याच्याच आसपास गेलं.

रॉबर्टचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी दक्षिण जर्मनीत, उल्मजवळच्या आल्बेक गावी झाला. बारा भावंडांत तो अकरावा. वडील शेती सांभाळून खाणावळ-मुक्काम चालवत. घरची परिस्थिती चांगली होती, वडील वाचणारे होते. शाळेत मात्र मुलाचं लक्ष लागेना, म्हणून त्याला उल्ममध्ये एका सूक्ष्मयंत्र कारागिराकडे उमेदवारीला ठेवलं. तिथं शिकवण कमी आणि हेळसांड जास्त. ही सल त्याच्या मनात आयुष्यभर राहिली. पुढे १९१३ मध्ये त्याने स्वतःच्या कारखान्यात उमेदवारांसाठी वेगळा प्रशिक्षण विभाग काढला, त्याचं मूळ इथं असावं असं मला वाटतं.

१८८४ मध्ये तो अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या यंत्रशाळेत काम केलं, मग इंग्लंडमध्ये सीमेन्सच्या कारखान्यात. परत येऊन १५ नोव्हेंबर १८८६ रोजी त्याने श्टुटगार्टमध्ये छोटी कार्यशाळा उघडली. माणसं तीन: तो, एक कारागीर आणि एक निरोप्या पोरगा. काम काय, तर टेलिफोन जोडा, विजेची घंटी बसवा, जे मिळेल ते. पहिली दहा वर्षं कर्जाची गेली. तो कमालीचा काटकसरी होता. जमिनीवर पडलेली कागदाची एक टाचणी उचलून, हे काय आहे असं त्याने कर्मचाऱ्याला विचारलं आणि हे माझे पैसे आहेत हेही त्यानेच सांगितलं, ही गोष्ट आजही त्याच्याबद्दल सांगितली जाते. त्याच माणसाने सायकल ही महागडी चैन समजली जात असताना ग्राहकांकडे जायला सायकल घेतली. वेळ वाचतो, हिशेब जमतो, बस.

१८८७ मध्ये एका ग्राहकाने इंजिनात ठिणगी पाडणारं उपकरण, मॅग्नेटो, बनवून मागितलं. कल्पना बॉशची नव्हती. डॉइट्झच्या कारखान्यात तसं उपकरण होतं आणि त्यावर पेटंट नाही याची खात्री करून त्याने ते सुधारून बनवलं. ते एका जागी उभ्या असणाऱ्या इंजिनांसाठी होतं. मोटारींची अवस्था त्या वेळी भीतिदायक होती. अनेक इंजिनांत इंधन पेटवायला तापून लाल झालेली नळी असे, ती तापवायला उघडी ज्योत, आणि शेजारी पेट्रोल. १८९७ मध्ये एका फ्रेंच बनावटीच्या तीनचाकीवर मॅग्नेटो बसवायचं काम आलं. इंजिन फिरायचं भराभर, मॅग्नेटोचा जड भाग तेवढ्या वेगाने हलेना. बॉशच्या कारखान्यातल्या आर्नोल्ड त्सेरिंगरने तो जड भाग स्थिर ठेवून त्याभोवती एक हलकी नळी हलवली आणि प्रश्न सुटला. पाच वर्षांनी, १९०२ मध्ये, गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग यांची जोडी तयार केली. बॉशचं नाव जगभर गेलं ते यामुळे. मोठे शोध त्याच्या माणसांचे आहेत, त्याचे स्वतःचे नाहीत, हे लक्षात ठेवायला हवं. त्याचं काम माणसं निवडणं आणि कच्चा माल दाराबाहेर न जाऊ देणं. एकदा ग्राहकाचा विश्वास गेला की तो पैशाने परत येत नाही, हे त्याचं पक्कं मत होतं.

१९०६ मध्ये त्याने कामगारांचा दिवस आठ तासांचा केला. त्या काळात हे इतकं विचित्र वाटलं की इतर कारखानदार त्याला ‘लाल बॉश’ म्हणू लागले. त्याचा हिशेब दयेचा नव्हता. थकलेला हात चुकतो आणि चुकलेला मॅग्नेटो परत येतो, एवढंच. थकव्याचा हा मुद्दा आपल्याला पुढे लागणार आहे.

आरोग्याच्या स्तंभात बॉश बसतो तो पुढच्या काळामुळे. मोटार सुरू करायला समोर हँडल मारावं लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल फिरवणाऱ्याचं मनगट मोडे. अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या या मोडीला अस्थिरोगतज्ज्ञ अजूनही ‘शोफर फ्रॅक्चर’ म्हणतात. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला, १९१४ मध्ये बॉशने स्टार्टर आणला. त्याआधी १९१३ मध्ये डायनॅमोवर चालणारे हेडलाइट. मग १९२१ मध्ये भोंगा, १९२६ मध्ये विजेचा वायपर, १९२७ मध्ये डिझेलचा इंधन पंप (नाशिकचं नातं याच्याशी), १९२८ मध्ये वळण्याची दिशा दाखवणारा सिग्नल. त्यातलं प्रत्येक उपकरण गाडीच्या किमतीवर वेगळं लागायचं. वायपर हाताने फिरवता येतो, वळताना हात बाहेर काढता येतो, मग पैसे कशाला, हा प्रश्न तेव्हाच्या गाडीवाल्यालाही पडत असणार. आज पावसाळ्यात वायपरशिवाय इगतपुरीला निघणाऱ्याला आपण वेडा म्हणू.

घरात मात्र त्याला हिशेब करता आला नाही असं एक दुःख होतं. १८९१ मध्ये जन्मलेला एकुलता एक मुलगा, ज्याच्या हाती कारखाना द्यायचा, तो मल्टिपल स्क्लेरोसिसने वर्षानुवर्षं खंगत गेला आणि १९२१ मध्ये वारला. लग्न मोडलं. दुसऱ्या लग्नानंतर १९२८ मध्ये पुन्हा मुलगा झाला, तेव्हा बॉश सहासष्ट वर्षांचा होता.

त्याला वैद्यकाची ओढ होती, पण होमिओपॅथीची. तिच्या प्रसारावर त्याने पैसा ओतला आणि १९४० मध्ये श्टुटगार्टमध्ये स्वतःच्या नावाचं होमिओपॅथिक रुग्णालय उभारलं. हे वाचून काही वाचक सुखावतील, पुढचं वाक्य वाचून रागावतील. आजवरच्या नीट केलेल्या चाचण्यांत होमिओपॅथीचा गुण साखरेच्या गोळीहून जास्त असल्याचं दिसलेलं नाही. प्रत्येक मॅग्नेटो तपासून पाहणाऱ्या माणसाने औषधाला तीच कसोटी लावली नाही. हुशार माणसांचं असं होतं. ते रुग्णालय आज आधुनिक वैद्यकाचं मोठं रुग्णालय आहे.

नाझी राजवट त्याला मनातून पटली नाही. छळ होणाऱ्या ज्यूंना देशाबाहेर पडायला त्याने मदत केली आणि हिटलरविरोधी कटातल्या कार्ल गॉर्डेलरला १९३७ मध्ये सल्लागार म्हणून आसरा दिला. पण त्याचे कारखाने युद्धसामग्री बनवत राहिले आणि तिथं हजारो माणसांना सक्तीने राबवलं गेलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एक दुसरीला पुसत नाही.

१२ मार्च १९४२ रोजी मधल्या कानाच्या दाहातून झालेल्या गुंतागुंतीने तो वारला. वय ऐंशी. दोनच दिवसांनी अमेरिकेत न्यू हेवनच्या रुग्णालयात जंतुसंसर्गाने मरणाच्या दारी गेलेल्या एका स्त्रीला पेनिसिलिन टोचलं गेलं आणि ती वाचली. कान फुटून माणूस जाणं त्यानंतर हळूहळू दुर्मीळ झालं.

चालकाच्या मदतनीस यंत्रणांची खरी मालिका त्याच्या पश्चात सुरू झाली. चाकं जाम न होऊ देणारं एबीएस १९७८ मध्ये बॉशने मर्सिडीजच्या गाडीत आणलं, घसरणारी गाडी सावरणारं ईएसपी १९९५ मध्ये. आपल्याकडे सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं व्हायला एप्रिल २०१९ उजाडलं. ‘अडास’ हे याच साखळीचं पुढचं टोक. काचेमागचा कॅमेरा आणि पुढच्या बंपरमागचा रडार अंतर मोजतात, संगणक ठरवतो आणि आज्ञा जाते ब्रेक आणि स्टीअरिंगला. म्हणूनच ही यंत्रणा जुन्या गाडीत नंतर बसवता येत नाही. बाजारात मिळतात ती फार तर इशारा देणारी उपकरणं.

मग घ्यावी की नाही? ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जायला चांगल्या चालकालाही एक ते दीड सेकंद लागतो. थकलेल्याला, साठी उलटलेल्याला, गुंगी आणणारी सर्दीची गोळी घेतलेल्याला त्याहून जास्त. आपोआप लागणारा ब्रेक हे सेकंद वाचवतो, आणि माझ्या मते पैसे मोजायचे तर याच एका गोष्टीसाठी मोजावेत. पट्टा राखणारी यंत्रणा समृद्धीवर उपयोगी पडते, कारण तिथे पट्टे ठसठशीत आहेत आणि एकसुरी रस्त्यावर डोळा लागण्याची भीतीही आहे. पुसट पट्ट्यांच्या निफाड-लासलगाव रस्त्यावर तिला काही कळत नाही. मागचा दिवा नसलेली कांद्याची ट्रॉली रात्री ती ओळखेलच याचा भरवसा धरू नका. बंपरवर चिखल बसला किंवा कोसळत्या पावसात कॅमेऱ्याला दिसेनासं झालं की यंत्रणा रजा घेते. काच बदलली तर कॅमेऱ्याची जुळणी पुन्हा करावी लागते, हा खर्च विक्रेत्याला आधीच विचारून घ्या. आणि हात स्टीअरिंगवरून काढायची मुभा यातलं काहीही देत नाही.

तुमच्या गाडीला एबीएस, एअरबॅग आणि ईएसपी असेल, वापर शहरातल्या शहरात असेल, तर केवळ ‘अडास’साठी गाडी विकायचं कारण मला दिसत नाही. त्यापेक्षा टायर बदला, हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा बदला, डोळे तपासून घ्या. ईएसपीच नसेल, किंवा आठवड्यातून दोनदा रात्री मुंबई गाठावी लागत असेल, तर गणित बदलतं. मग शोरूमच्या गल्लीत फेरी मारून ठरवू नका. गाडी मागा, ज्याला ती रोज चालवायची आहे त्याला बसवा आणि महामार्गावर गोंदे फाट्यापर्यंत जाऊन या. सतत टिंगटिंग करणाऱ्या यंत्रणेला वैतागून माणूस ती बंद करणार असेल, तर ते त्याच फेरीत कळतं.