कारखाना गेला, नाव उरलं

परवा माझा भाचा सुट्टीला आला होता. ऑटोमोबाइलच्या डिप्लोमाला आहे, त्यामुळे दिवसभर गाड्यांच्याच गप्पा. त्याने मला एक चित्र दाखवलं. उघड्या टपाची, दोघांपुरती, मागे माशाच्या परांसारखे पंख असलेली देखणी जर्मन गाडी. ऑटो युनियन १००० एसपी रोडस्टर. १९६१ ते १९६५ या काळात जेमतेम सोळाशेच्या वर निघाल्या, म्हणून आता दुर्मीळ. मी म्हटलं, असेल बाई, आपल्याला काय त्याचं! तेवढ्यात तो म्हणाला की मावशी, या गाडीतसुद्धा आजोबांच्या स्कूटरसारखं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं.

मी एकदम माहेरच्या अंगणात पोचले. सकाळी बाबा स्कूटर तिरकी करायचे, चार-पाच किका मारायचे, मग ती फटफट करत निळा धूर सोडायची आणि आई दोरीवरचे कपडे ओढून घ्यायची. तेच टू-स्ट्रोक इंजिन. एवढ्या नखरेल गाडीत आणि आपल्या स्कूटरमध्ये एकच जातीचं इंजिन? मग मी त्या गाडीचं मूळ शोधत गेले आणि भेटले योर्गेन स्काफ्टे रासमुसेन.

त्यांचा जन्म १८७८ सालचा, डेन्मार्कमधल्या नाक्सकोव्ह या गावचा. इंजिनिअरिंग शिकायला ते जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात आले आणि तिथेच रमले. संसारही तिथेच थाटला. पत्नीचं नाव थेरेसा. चोपाऊ नावाच्या लहानशा गावात कापडाची एक बंद पडलेली गिरणी होती, ती त्यांनी विकत घेतली आणि बॉयलरला लागणारं सामान बनवायला सुरुवात केली.

पहिल्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून त्यांनी वाफेवर चालणारी मोटार करून बघितली. ती काही जमली नाही. पण वाफेच्या गाडीसाठी असलेल्या जर्मन शब्दातली तीन अक्षरं त्यांनी टाकून दिली नाहीत. डीकेडब्ल्यू. १९१९ साली त्यांच्याकडे मुलांच्या खेळण्यासाठी एक चिमुकलं टू-स्ट्रोक इंजिन तयार झालं, तेव्हा त्याच तीन अक्षरांचा अर्थ झाला मुलाची हौस. पुढे इंजिन मोठं झालं आणि अर्थ झाला छोटासा चमत्कार. आपण जुन्या साडीची गोधडी करतो, गोधडीची पिशवी करतो, तसंच हे! फसलेल्या गोष्टीतलं जे चांगलं, ते पुढच्या कामाला.

हे इंजिन इतकं चाललं कशामुळे? साधेपणामुळे. नेहमीच्या चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन दोनदा खाली, दोनदा वर जातो, तेव्हा एकदा ताकद मिळते. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला मिळते. झडपा नाहीत, भाग थोडे. सुरुवातीला मी चित्र दाखवलेल्या गाडीचं इंजिन तीन सिलिंडरचं होतं, आणि त्यात हलणारे मुख्य भाग फक्त सात. तीन पिस्टन, तीन दांडे आणि एक फिरता दांडा. भाग कमी म्हणजे किंमत कमी, दुरुस्ती सोपी. दोष एकच, वंगण पेट्रोलबरोबर जळतं, म्हणून तो निळा धूर.

रासमुसेन यांनी आधी सायकलला लावायचं इंजिन काढलं. ते मागच्या चाकावर बसायचं, त्यामुळे स्वाराची बैठक चांगलीच गरम व्हायची आणि लोक थट्टा करायचे! मग मोटरसायकली आल्या. कामगारालाही घेता याव्यात म्हणून हप्त्याने विकल्या. १९२८ पर्यंत डीकेडब्ल्यू हा जगातला सगळ्यात मोठा मोटरसायकलचा कारखाना झाला होता. त्याच वर्षी त्यांनी ऑडी कंपनी घेतली. फ्रिजचा कारखानाही काढला. १९३१ साली पुढच्या चाकांना ताकद देणारी, लाकडी सांगाड्याची छोटी स्वस्त मोटार आणली.

पण पसारा वाढला तसं कर्जही वाढलं. जगभर मंदी आली. कर्ज देणाऱ्या सरकारी बँकेने आग्रह धरला आणि १९३२ साली ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्श, वाँडरर अशा चार कंपन्या एकत्र होऊन ऑटो युनियन झाली. चार कड्या एकमेकींत गुंफलेली तिची खूण. रासमुसेन संचालक होते खरे, पण नव्या मंडळींशी पटेना. १९३४ साली त्यांना बाहेर काढलं. ज्याने रिकाम्या गिरणीतून हे सगळं उभं केलं, त्यालाच. ते कोर्टात गेले, शेवटी तडजोड झाली.

इथे मी वाचता वाचता थांबले.

मैत्रिणींनो, आमच्या गावात एका ताईंनी दहा जणींना घेऊन मेतकूट आणि पापडांचा बचत गट सुरू केला होता. स्वतःच्या ओट्यावर, स्वतःच्या कढईत. काम वाढलं, कर्ज घेतलं, ते थकलं. मग चार गट एक करा म्हणजे पुढचं कर्ज मिळेल, असा सल्ला मिळाला. केले. ताई फटकळ, हिशेबावरून बोलायच्या. वर्षभरात नव्या कमिटीतून त्यांचं नाव वगळलं. हात वर करून मत घेतलं होतं. त्यात माझाही हात होता. तेव्हा वाटलं, गटाच्या भल्यासाठीच करतोय. मेतकूट मात्र अजून त्यांच्याच प्रमाणाने होतं.

रासमुसेन यांचं पुढे काय झालं? १९४५ मध्ये रशियन फौजा आल्यावर घरदार सोडून ते उत्तरेला फ्लेन्सबर्गला गेले, आणि मग मायदेशी डेन्मार्कला. सॅक्सनीतले कारखाने रशियनांच्या ताब्यात गेले. त्यांच्या चोपाऊच्या कारखान्यातली १२५ सीसीची मोटरसायकल पाहून इंग्लंड, अमेरिका आणि जपानने आपापल्या गाड्या बनवल्या. यामाहाची १९५५ सालची पहिली मोटरसायकल त्यातलीच. ऑटो युनियन १९४९ साली पश्चिम जर्मनीत इंगोलश्टाटला नव्याने उभी राहिली, आणि तिनेच ती देखणी उघडी गाडी काढली. इंजिन टू-स्ट्रोकच. म्हातारे रासमुसेन तेव्हा हयात होते, पण कंपनी त्यांची नव्हती. १९६४ च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनला ते गेले. पुढच्याच वर्षी ती गाडीही बंद झाली. चार कड्यांची खूण मात्र ऑडीवर राहिली. २००७ पासून आपल्या तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात त्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. त्यातली एक कडी या माणसाची, हे किती जणांना ठाऊक असेल?

त्या संध्याकाळी मेतकुटाचं पाकीट घेऊन मी ताईंकडे गेले. कितीतरी दिवसांनी. काय बोलावं सुचेना, माझी चूक झाली एवढंच कसंबसं म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. पाकीट फोडलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि म्हणाल्या की डाळ नीट भाजली जात नाहीये हल्ली. मग उठून चहा टाकला.

पुढच्या बैठकीत मी विषय काढणार आहे. हात किती वर होतील, माहीत नाही. माझा असेल.