चुनीबाला देवी

नटनटींना कीर्ती लाभते ती बहुधा तारुण्यात. परंतु वयाच्या ऐंशीच्या सुमारास जिची कला जगाने पाहिली, अशी एक अभिनेत्री बंगालमध्ये होऊन गेली. तिचे नाव चुनीबाला देवी.

तरुणपणी चुनीबाला कलकत्त्याच्या रंगभूमीवर कामे करीत. चित्रपटांतही त्यांनी भूमिका केल्या. पुढे त्या रंगभूमीपासून दूर झाल्या आणि सुमारे तीस वर्षांच्या काळात लोक त्यांना विसरून गेले.

त्या वेळी सत्यजित राय हे तरुण दिग्दर्शक विभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ या कादंबरीवर चित्रपट काढीत होते. तीत इंदिर ठाकरुण नावाची पाठीत वाकलेली, निराधार वृद्धा आहे. तरुण नटीला रंग लावून म्हातारी करणे राय यांना पसंत नव्हते. शोध करीत ते चुनीबालांकडे आले आणि एखादे बालगीत येते का, असे त्यांनी विचारले. राय यांना त्या गीताच्या थोड्याच ओळी ठाऊक होत्या; चुनीबालांनी त्याहून कितीतरी अधिक म्हणून दाखविल्या!

चित्रण बोराल या खेड्यात चाले. चुनीबाला सकाळी लवकर उठून मोटारीने तेथे जात व दिवसभर काम करीत. पैसे संपले, की काम महिनोन् महिने थांबे. तोवर ही वृद्धा हयात राहील ना, अशी राय यांना धास्ती वाटे. चुनीबाला मात्र बोलावणे येताच हजर होत. मागील दृश्यात गाठोडे कोणत्या हातात होते, लोटा कोणत्या हातात होता, हे त्यांना अचूक आठवे.

इंदिर ठाकरुणच्या अंत्ययात्रेचे दृश्य घ्यावयाचे होते. एवढ्या वृद्ध बाईंना तिरडीवर निजावयास कसे सांगावे, असा राय यांना संकोच वाटला. परंतु चुनीबाला हसतच तयार झाल्या. दृश्य संपले, दोऱ्या सोडल्या, तरी त्या हालेनात. सर्वांच्या काळजात धस्स झाले. इतक्यात चुनीबालांनी डोळे उघडले. काम संपल्याचे कोणी सांगितलेच नाही, म्हणून आपण अजून निपचित पडून होतो, असे त्या म्हणाल्या.

ऑगस्ट १९५५ मध्ये चित्रपट कलकत्त्यात प्रदर्शित झाला. १९५६ साली फ्रान्समधील कान महोत्सवात त्याचा गौरव झाला. हा गौरव पाहण्यास चुनीबाला उरल्या नव्हत्या. प्रदर्शनापूर्वीच त्यांचे निधन झाले होते. परंतु हाती घेतलेले काम त्यांनी पुरे केले होते.