मंथरेचा तो डोळा

लोहाऱ्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघत सेल्फी काढता, नाक बघता, गाल बघता आणि डिलीट करता ना? मग ललिता पवार वाचाच. टीव्हीवरच्या 'रामायण'मधली मंथरा आठवली? तो बारीक डोळा मेकअपचा नव्हता.

1916 साली येवल्यात जन्मलेल्या ललिताबाई मूकपटांपासून पडद्यावर होत्या. पुढे चक्क हिरोईन झाल्या. 1942 मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या शूटिंगला भगवानदादांनी सीनसाठी मारलेली थप्पड खरंच जोरात बसली. चेहऱ्याला अर्धांगवायू झाला. तीन वर्षं उपचार चालले, तरी डावा डोळा अधूच राहिला. वय तेव्हा पंचविशीच्या आसपास. हिरोईनचे रोल संपले.

ज्यांचं पोटच चेहऱ्यावर, त्यांनी काय करायचं, सांगा बरं? ललिताबाई तोच डोळा घेऊन कॅमेऱ्यासमोर परत आल्या. खाष्ट सासू अशी रंगवली की बायका घाबरायच्या म्हणे! पण 'अनाडी'तल्या (1959) मिसेस डिसा वरून कडक, आतून मायाळू. त्याच भूमिकेनं त्यांना फिल्मफेअर मिळालं. मंथरा केली तेव्हा सत्तरी ओलांडली होती. 1998 मध्ये पुण्यात गेल्या.

आज रात्री मोबाईलवर 'अनाडी' लावा. डोळा तोच आहे, फक्त बघा त्यात काय काय दिसतं.