हवाई दलप्रमुख सुब्रतो मुखर्जी

आकाशात विमानाचा आवाज आला, की तुम्ही मान वर करून पाहता. आपणही हवाई दलात वैमानिक व्हावे, असे तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. मनातले विमान बहुधा वेगवान लढाऊ विमानच असते. पण हवाई दलात गेल्यावर हवे तेच विमान मिळते का? सुब्रतो मुखर्जी यांचे चरित्र वाचा, म्हणजे तुम्हांला उत्तर मिळेल.

सुब्रतो यांचा जन्म ५ मार्च १९११ रोजी कोलकाता येथे झाला. १९३० साली इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे प्रशिक्षणासाठी सहा भारतीय तरुण निवडले गेले. त्यांत ते होते. सहांपैकी एकाची उंची विमान चालवण्यास कमी पडली. त्याला सामान पुरवठ्याच्या कामावर नेमले. मुखर्जी, ऐजाद बक्ष अवान आणि इतर तिघे वैमानिक झाले.

१ एप्रिल १९३३ रोजी कराची येथे भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली. तिला कोणती विमाने मिळाली असतील? फक्त चार वापिटी विमाने! दुहेरी पंखांची, उघड्या बैठकीची आणि संथ. त्या वेळी इंग्लंडमध्ये ताशी तीनशे किलोमीटरांहून अधिक वेगाने जाणारी लढाऊ विमाने आली होती. या तरुणांच्या वाट्याला मात्र पायदळाला मदत करण्याचे काम आले. डोंगराळ सरहद्द प्रांतावरून उडायचे, टेहळणी करायची, छायाचित्रे घ्यायची आणि निरोप पोचवायचे.

मुखर्जींनी हे काम कमी मानले नाही. वर्षानुवर्षे ते याच विमानांवर उडत राहिले. १९३९ साली ते या तुकडीचे प्रमुख झाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय होत. त्याच वर्षी शारदा पंडित या मराठी घराण्यातील तरुणीशी त्यांचा विवाह झाला. १ एप्रिल १९५४ रोजी ते हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. त्यांच्या कारकिर्दीत मिस्टेअर, हंटर, कॅनबेरा व नॅट ही जेट विमाने दलात आली. ८ नोव्हेंबर १९६० रोजी टोकियो येथे जेवताना घशात घास अडकून त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, बारावीनंतर पुण्याजवळच्या खडकवासला येथील प्रबोधिनीतून तुम्हांलाही हवाई दलात जाता येते. पुढे कोणाला लढाऊ विमान मिळते, कोणाला मालवाहू, तर कोणाला हेलिकॉप्टर. तुमची आवड विचारली जाते. परंतु उड्डाणातील कौशल्य, शरीराची योग्यता, रिकाम्या जागा आणि दलाची गरज पाहून निर्णय होतो. पुरात अडकलेल्यांना वर उचलून घेणारा हेलिकॉप्टरचा वैमानिक कोणाहून कमी आहे का? म्हणून स्वप्न जरूर पाहा, गणित व भौतिकशास्त्राचा मनापासून अभ्यास करा. आणि जे विमान मिळेल, ते उत्तम चालवण्याची तयारी ठेवा. मुखर्जींनी हेच केले.